आणि नसेल तर?

परवा रात्री एका अनोळखी माणसाने मला पाच शब्दांत गप्प केलं. ‘इथे एडिटर उघडा नसेल तर?’ एवढंच त्याने लिहिलं होतं. एका जुन्या ओपन सोर्स एक्स्टेंशनच्या, म्हणजे लिहायच्या प्रोग्रामला (एडिटरला) जोडायच्या छोट्या पुरवणीच्या, सगळ्या कंपाइल एरर (कोड चालवण्याजोगा करताना निघणाऱ्या चुका) काढून, दोन रात्रींचं जागरण खर्ची घालून, मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझे बदल मूळ कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, पाठवली होती. कुणी पाठ थोपटेल अशी अपेक्षा नव्हती असं म्हटलं तर खोटं होईल. निदान ‘चांगलं काम’ एवढं तरी कुणी म्हणेल असं वाटत होतं. त्याऐवजी चारशे-पाचशे बदललेल्या ओळींमधून त्या माणसाने नेमकी एक ओळ उचलली आणि तिच्यासमोर हा प्रश्न ठेवला. त्या ओळीत माझ्या हातचं असं एकच चिन्ह होतं, उद्गारचिन्ह. मी ताबडतोब उत्तर टाइप केलं: ‘ही कमांड लोक फाइल उघडी असतानाच वापरतात, त्यामुळे एडिटर असतोच.’ पाठवलं, लॅपटॉप मिटला, दिवा घालवला. झोप मात्र येईना. ‘असतोच’मधला तो ‘च’ गादीत राहिलेल्या टाचणीसारखा टोचत राहिला.

खरं तर मला एक ओळ बदलायची होती. फक्त एक. मी लिहिते तो एडिटर व्हीएस कोड, आणि त्यात खाली पट्टीवर शब्द आणि अक्षरं मोजून दाखवणारं एक छोटं एक्स्टेंशन मी कित्येक वर्षं वापरते आहे. शब्द ते बरोबर मोजतं. अक्षरांच्या बाबतीत मात्र त्याचं गणित देवनागरीत साफ कोसळतं. ‘नमस्ते’ लिहिलं की ते सहा म्हणतं. न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा, असे सहा. कुणाही मराठी माणसाला विचारा, तो तीन म्हणेल. एक्स्टेंशन ज्या भाषेत चालतं त्या जावास्क्रिप्टला स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराच्या तुकड्याची, लांबी विचारली की ती यूटीएफ-१६ या साठवणीच्या पद्धतीतले तुकडे मोजून देते, डोळ्यांना दिसणारी अक्षरं नाही. हे मला माहीत होतं आणि मी दुर्लक्ष करत आले होते. मग कळलं की इंटल सेगमेंटर नावाची सोय आता भाषेतच आली आहे आणि ती अक्षरांचे पुंजके नीट पाडून देते. त्यातही गंमत अशी की युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात मांडायच्या प्रमाण पद्धतीच्या, जुन्या नियमाने ‘नमस्ते’चे चार पुंजके होत, कारण ‘स्’ आणि ‘ते’ वेगळे पडत. २०२३च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षरं न तोडण्याचा नियम आला आणि ते तीन झाले. म्हणजे जोडाक्षर हे एक अक्षर आहे, हे यंत्राला समजायला २०२३ उजाडावं लागलं. असो. लांबी विचारणारी ओळ काढायची, सेगमेंटरची ओळ टाकायची; अर्ध्या तासाचं काम. रात्रीची आवराआवर झाल्यावर मी रेपोची, म्हणजे त्या कोडच्या भांडाराची, स्वतःची प्रत काढली (फोर्क), ती लॅपटॉपवर उतरवली (क्लोन), आणि पहिली कमांड मारली.

एक्स्टेंशन चालत होतं, रोज, माझ्या डोळ्यांसमोर. पण त्याचा सोर्स कंपाइल होत नव्हता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला तोवर कधी नीट जाणवलंच नव्हतं. आपण वापरतो ती कधीतरी कंपाइल होऊन, बांधून ठेवलेली जावास्क्रिप्ट असते. ती तशीच पडून राहते आणि चालत राहते. पण ज्या टाइपस्क्रिप्टमधून, म्हणजे जावास्क्रिप्टवरच बेतलेल्या पण प्रत्येक गोष्टीचा प्रकार (टाइप) तपासणाऱ्या भाषेतून, ती निघाली ती सहा-सात वर्षांनी पुन्हा कंपाइल करायला घेतली, तर मधल्या काळात सगळं आजूबाजूचं जग पुढे सरकलेलं असतं. कुणी त्या कोडला हातही लावलेला नसतो आणि तरीही ते मोडलेलं असतं. बंद खोलीतला रबरबँड कसा नुसता ठेवून ठेवून कडक होतो आणि हात लावला की तुटतो, तसं. या एक्स्टेंशनमध्ये तर पॅकेजच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाइलही नव्हती, त्यामुळे इन्स्टॉल म्हटल्यावर जे जे ताजं होतं ते ते येऊन बसलं. आणि एडिटरचे टाइप पुरवणारं जे मूळ पॅकेज होतं, ते २०१९मध्येच मोडीत काढून त्याची दोन वेगळी पॅकेजेस केली गेली होती. त्या जुन्या पॅकेजची रीत अशी की इन्स्टॉल होताना ते टाइपची फाइल नेटवरून ओढून आणायचं. माझ्याकडे ते आणायला गेलं आणि रिकाम्या हाताने परतलं.

मी आणखी एक आगाऊपणा केला. जुनी कॉन्फिगरेशनची फाइल बाजूला सारून नव्या एक्स्टेंशनला मिळते तशी कोरी फाइल त्या जागी ठेवली. तिच्यात ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे कडक तपासणी, चालू असतं. मग कंपाइल केलं. टर्मिनल लाल झालं आणि तळाशी आकडा आला: ३१ एरर. त्यातली पहिली ओळ ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ अशी होती, म्हणजे एडिटरचे टाइपच सापडत नव्हते. मी नवं टाइपचं पॅकेज आणलं, नोडचे (म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेचे) टाइपही आणले, आणि खुशीत पुन्हा कंपाइल केलं. ५२ एरर, ९ फाइलींमध्ये.

वाढल्या.

आधी मी टर्मिनलकडे तशीच बघत बसले. औषध दिल्यावर ताप चढावा तसं झालं होतं. कारण कळायला पाच-दहा मिनिटं गेली आणि कळल्यावर मला ते फार आवडलं. जोपर्यंत एडिटरचे टाइप सापडत नव्हते, तोपर्यंत त्या मॉड्यूलमधून आलेली प्रत्येक गोष्ट कंपाइलरच्या लेखी ‘काहीही’ होती, आणि जे काहीही आहे त्यात चूक कशी काढणार? तो बिचारा अंधारात चाचपडत ‘या पॅरामीटरचा टाइप कळत नाही, त्या पॅरामीटरचा कळत नाही’ एवढंच म्हणत होता. मी टाइप आणून दिले म्हणजे त्याला चष्मा दिला. आणि चष्मा मिळाल्याबरोबर त्याने खोलीभर नजर फिरवली आणि ज्या ज्या कोपऱ्यात जळमटं होती ती ती दाखवली. जळमटं आधीही होतीच. मी हे समजून घेतलं, पटवूनही घेतलं, तरी ३१चे ५२ झाल्याची चिडचिड काही गेली नाही.

मला कॉलेजातली लॅब आठवली. काळ्या ताडपत्रीसारख्या कापडाखालून बाहेर काढलेले जाडजूड मॉनिटर, एसीचा तो दगडी गारवा, सेमिकोलनची कळ झिजून गुळगुळीत झालेले कीबोर्ड. सी शिकत होतो. पंधरा ओळींच्या प्रोग्रामला तीस एरर यायच्या आणि आम्ही वर्गभर हवालदिल होऊन खालून वर एकेक चूक शोधायला लागायचो. सर मागून येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘पहिली वाच. बाकीच्या नाहीतच असं समज.’ पहिली वाचली की ती ज्या ओळीवर बोट ठेवायची ती ओळ धडधडीत बरोबर असायची, कारण सेमिकोलन विसरलेला असायचा तिच्या आदल्या ओळीत. कंपाइलरला चूक होते तिथे कळत नाही, पुढे अडखळतो तिथे कळते. मी एकदा सरांना वैतागून म्हटलं होतं, ‘सर, याला जर कळतंय की सेमिकोलन नाहीये, तर हा स्वतःच का घालत नाही?’ सर हसले. ‘आणि त्याने चुकीच्या जागी घातला तर कोणाला बोल लावशील?’ तेव्हा मला ते उत्तर म्हणजे पळवाट वाटली होती. वर्गातल्या कुणाच्या तरी एरर गेल्या की तो उगाच मोठ्याने खुर्ची सरकवायचा, बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून. ती खुर्ची सरकल्याचा आवाज अजून माझ्या पोटात कालवाकालव करतो.

तर ५२. पहिली वाच, बाकीच्या सोड. मी वरून सुरुवात केली. काही चुका अशा होत्या की त्या काढताना त्या माणसाची, म्हणजे मूळ लेखकाची, ओळख होत गेली. एका ठिकाणी त्याने टायमर ठेवला होता: टाइप करणारा थांबला की तीनशे मिलिसेकंदांनी मोजणी करायची, दर कळीला नाही. शहाणपणाचं काम. पण त्या टायमरचा टाइप त्याने ‘नंबर’ लिहिला होता. ब्राउझरमध्ये टायमर लावणारं सेटटाइमआउट आकडा परत देतं हे खरंच आहे. पण एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये नाही, नोडवर चालतात, वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एखादं एक्स्टेंशन रेंगाळलं तरी आपलं टायपिंग अडत नाही. आणि नोडमध्ये सेटटाइमआउट आकडा देत नाही, टाइमआउट नावाचा ऑब्जेक्ट देतं. म्हणजे हा गडी मूळचा वेबपानं बनवणारा असावा, हाताला लागलेली सवय इकडे घेऊन आला असावा. मला उगाच आपुलकी वाटली. दुसऱ्या ठिकाणी त्याने पकडलेल्या एररमधून सरळ ‘मेसेज’ काढून घेतला होता. २०२१मध्ये टाइपस्क्रिप्ट ४.४ आलं तेव्हापासून ‘स्ट्रिक्ट’ लावलं की चुका झेलणाऱ्या ‘कॅच’मध्ये पकडलेली वस्तू ‘अननोन’ धरली जाते, म्हणजे काय पकडलंय ते आधी बघ आणि मग त्याच्याशी बोल. एरवी आपण समजतो की फेकलेली गोष्ट एररच असणार. पण जावास्क्रिप्टमध्ये काहीही फेकता येतं: एखादी स्ट्रिंग, सात हा आकडा, अगदी ‘काहीच नाही’ म्हणजे नलसुद्धा. नलला ‘तुझा मेसेज काय’ असं विचारलं तर एरर हाताळणाऱ्या कोडमध्येच नवी एरर. हे मला पटलं आणि मी अशा सहा ठिकाणी नीट तपासण्या घातल्या. पहाटेचे अडीच झाले होते, पण मजा येत होती. टेबलावरच्या दिव्याभोवती एक किडा फिरत होता आणि लॅपटॉपचा पंखा मधूनच सुस्कारा टाकत होता. किड्याला मी हाकललं नाही. प्रोग्राममधल्या चुकीला ‘बग’ म्हणजे किडाच म्हणतात, आणि १९४७मध्ये हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये सापडलेला पतंग वहीत चिकटवून ठेवला होता. म्हटलं, याचीही परंपरा आहे.

मजा संपली ती ‘अनडिफाइन्ड’पाशी. उरलेल्यांपैकी बहुतेक एरर एकाच वळणाच्या होत्या: ‘हे कदाचित अनडिफाइन्ड असेल.’ सध्या उघडा असलेला एडिटर कदाचित नसेल. फोल्डर कदाचित नसेल. सेटिंग कदाचित नसेल. ‘नसणं’ या गोष्टीला प्रोग्रामिंगच्या भाषांत एक लांबलचक आणि जरा लाजिरवाणी परंपरा आहे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी काम करताना नल रेफरन्स आणला, आणि २००९मध्ये एका परिषदेत त्यालाच स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. आणण्याचं कारण एवढंच की ते करणं फार सोपं होतं. जावास्क्रिप्टने तर १९९५मध्ये जन्मताना एक नाही, नसण्याचे दोन प्रकार आणले: नल आणि अनडिफाइन्ड. एक म्हणजे ‘नाही असं सांगितलंय’, दुसरं म्हणजे ‘सांगितलंच नाही’. टाइपस्क्रिप्टने २०१६मध्ये दोनच्या आवृत्तीत पहिल्यांदा सोय दिली की जिथे काही नसू शकतं तिथे कंपाइलर तुम्हाला अडवेल. आणि मला तो आता अडवत होता, ओळीओळीवर, पहाटे अडीच वाजता.

सुटकेची वाट भाषेनेच ठेवली आहे. नावामागे एक उद्गारचिन्ह टाकायचं. त्याला नाव भारदस्त आहे, नॉन-नल असर्शन, पण त्याचा अर्थ इतकाच की ‘असतंय हो, मी सांगते ना’. कंपाइलर मान डोलावतो आणि गप्प होतो. चालणाऱ्या कोडमध्ये त्याचा काडीचाही परिणाम नसतो. कंपाइल झाल्यावर ते चिन्ह पुसलं जातं. मागे राहतो तो आपण दिलेला शब्द, आणि तोही कुठे लिहिलेला नसतो. आपल्या व्याकरणात उद्गारचिन्ह येतं ते अबब, अरेरे, अय्या यांच्यामागे, म्हणजे काहीतरी अनपेक्षित घडलं की. इथे ते बरोबर उलटं वागतं: अनपेक्षित काही घडणारच नाही असं ठासून सांगतं. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे आणि तो एका अक्षराचा आहे. ‘असतो’ आणि ‘असतोच’ यांत जो फरक आहे, तेवढाच. मी एकामागून एक ‘च’ लावत गेले. आकडा झपाझप उतरत गेला. १९, १४, ८. पोटात त्या सरकलेल्या खुर्चीचा आवाज ऐकू यायला लागला होता, फक्त या वेळी खुर्ची माझी होती. तीन वाजून काही मिनिटांनी शून्य आलं.

(आणि मग मी माझी ती एक ओळ लिहिली, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. लगेच एक एरर. इंटलमध्ये सेगमेंटर नावाचं काही नाही म्हणे. होतं! चालवून बघितलं तर होतं. पण मी आणलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये भाषेच्या लायब्ररीची यादी मीच जुन्या फाइलीतून उचलून ठेवली होती, आणि त्या यादीप्रमाणे सेगमेंटर अजून जन्माला यायचा होता. कंपाइलर जग बघत नाही, जगाचं वर्णन केलेली फाइल बघतो. यादीत भाषेच्या २०२२च्या आवृत्तीचं नाव घातल्यावर तो जन्मला.)

आत्या अशी होती. म्हणजे कंपाइलरसारखी. कुठेही निघायचं ठरलं की तिचा पहिला प्रश्न: ‘आणि नसेल तर?’ गाडी नसेल तर. जागा नसेल तर. ज्याला भेटायला निघालोय तो घरी नसेल तर. आम्ही मुलं तिची नक्कल करायचो, तिच्या समोरच, आणि ती रागवायचीही नाही. एकदा दुपारी न कळवता मावशीकडे जायचं ठरलं. आत्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, ‘आणि घरी कुणी नसलं तर?’ मी म्हटलं, ‘अगं आत्या, असतातच गं ते घरी. जातात कुठे?’ गेलो. दाराला कुलूप. पितळी, मोठं, त्यावर दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाची रेघ पडलेली, ते कुलूप मला अजून दिसतं. आम्ही जिन्यात बसलो, फरशीचा गारवा फ्रॉकमधून मांड्यांना लागत होता. आत्या काहीच बोलली नाही. तिने पिशवीत हात घातला आणि पत्त्यांचा जोड काढला. निघतानाच टाकलेला होता तिने. दोन तास आम्ही जिन्यात झब्बू खेळलो, आणि खरं सांगायचं तर त्या सुट्टीतला तो सगळ्यात छान वेळ होता.

पण हेही खरं की त्या प्रश्नापायी आत्या आयुष्यात फारशी कुठे गेली नाही. बऱ्याच गोष्टी तिने ‘नसेल तर’वरच सोडून दिल्या, पत्त्यांचा जोड न घेता. तिच्यासोबत निघणं कधीकधी जीव नकोसा करायचं. ‘च’शिवाय माणूस उंबऱ्याबाहेर पडूच शकत नाही, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. प्रत्येक ओळीआधी ‘असेल तर’ लिहीत बसलं की कोड कसा होतो तेही मी पाहिलंय: तीन ओळींचं काम आणि वीस ओळींची धास्ती. ते वाचताना मूळ गोष्ट काय होती हेच विसरायला होतं. त्यामुळे मी त्या रात्री ‘असतोच’ लिहून झोपायला गेले तेव्हा माझी बाजू अगदीच लंगडी होती असं मला आजही वाटत नाही.

झोप नव्हतीच, म्हणून पडल्या पडल्या मूळ लेखकाचा विचार केला. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या कमांडचं नाव ‘ब्लेम’ आहे. नाव ठेवणाऱ्याने माणसाचा स्वभाव चांगला ओळखला होता. मीही त्या दोन रात्रींत चार-पाच वेळा ते चालवलं, आणि हेतू काही कौतुकाचा नव्हता. सगळ्या ओळी एकाच माणसाच्या, सगळ्या दीड-दोन महिन्यांतल्या. मग पुढे काही नाही. टायमरच्या वर एक कॉमेंट: ‘हे नंतर नीट करू.’ ते ‘नंतर’ आलंच नाही. दुसऱ्याच कुणीतरी, ज्याने मला तो प्रश्न विचारला त्याने, अलीकडे रेपोची किल्ली घेतली आहे एवढं दिसतं. सोबतच्या एमआयटी लायसन्समध्ये लिहिलेलंच असतं की जे आहे ते जसं आहे तसं आहे, हमी कसलीही नाही. वर्षानुवर्षं मी ते फुकट वापरलं, एकदाही आभार मानले नाहीत, आणि आता त्याच्या टायमरच्या टाइपवरून मनातल्या मनात नाक मुरडत होते. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१मध्ये व्हिम हा एडिटर लोकांसमोर आणला आणि ऑगस्ट २०२३मध्ये ते गेले तोपर्यंत त्याची धुरा वाहिली. असं कुणी असलं की आपण ते गृहीत धरतो, आणि मग दीड महिना काम करून गेलेला माणूस आपल्याला कामचुकार वाटायला लागतो. दीड महिना! स्वतःहून, न सांगता. मी दोन रात्री केल्या तर पाठीवर थाप हवी होती.

शेवटी उठले. पाणी प्यायले, लॅपटॉप उघडला, अंधारात तो उजेड डोळ्यांत गेला. एडिटर सुरू केला, आणि फोल्डरमधली एक प्रतिमा उघडली, एक्स्टेंशनच्या आयकॉनचीच, निळ्या चौकोनात पांढरा आकडा असलेली. पडद्यावर फक्त ती. प्रतिमा दिसत असली की एडिटरच्या हिशेबाने मजकुराचा एडिटर उघडा नसतो. मी हे कधी केलं नसतं का? रोज करते. लेखात टाकायचा फोटो बघते, तो पुढ्यात असतो, आणि सवयीने बोटं मोजणीच्या शॉर्टकटकडे जातात. मी तो शॉर्टकट दाबला. उजव्या खालच्या कोपऱ्यातून एक चौकट हळूच वर सरकली. लाल गोल, आणि पुढे इंग्रजीत: अनडिफाइन्डमधून ‘सिलेक्शन’ वाचता येत नाही. घरात कुणी नसताना कुलपाशी बोलायला गेल्यावर मिळावं तसं उत्तर. ओळ तीच होती, माझ्या उद्गारचिन्हाची.

मग मी ते बदललं. बदल किती छोटा होता ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आधी उद्गारचिन्ह एडिटरच्या नावामागे होतं. आता ते नावापुढे आलं. नावामागे असलं की ते म्हणतं ‘आहेच’. नावापुढे आलं की विचारतं ‘नाही का?’ आणि नसेल तर तिथूनच परत फिर. तेच चिन्ह, त्याच कळीवरचं, फक्त शब्दाच्या दुसऱ्या बाजूला. कंपाइलर दोन्ही वेळा सारखाच गप्प होता. शून्य एरर आधीही होत्या, शून्य आताही. पण परत फिरायचं म्हणजे नुसतं फिरायचं की काही सांगून फिरायचं, यावर माझी वीस मिनिटं गेली. ते मला कुणीच विचारत नव्हतं, ना कंपाइलर, ना तो माणूस. ‘मजकुराची फाइल उघडा’ असा संदेश दाखवावा? लिहिणाऱ्याच्या तोंडावर पुन्हा एक चौकट? शेवटी नुसतं फिरायचं ठरवलं, आणि खालच्या पट्टीवरचा आकडा तेवढ्यापुरता लपवला. प्रतिमा परत उघडली, शॉर्टकट दाबला. काहीच झालं नाही. त्या काहीच न होण्याकडे मी बराच वेळ बघत बसले.

त्याला उत्तर लिहिलं: ‘तुमचं बरोबर आहे. प्रतिमा उघडी असेल तर एडिटर नसतो. बदललं.’ आधीचं उत्तर पुसून टाकावं असं फार वाटलं, पण त्याच्याखाली त्याने नुसता अंगठा टाकून ठेवला होता, तो पुसता येत नव्हता. मग राहू दिलं. टायमरवरची ‘हे नंतर नीट करू’ ही कॉमेंटही राहू दिली, खरं तर ते मी आता नीट केलेलं असूनही. सकाळी मर्ज झालं, म्हणजे माझे बदल मूळ कोडमध्ये घेतले गेले. खाली पट्टीवर ‘नमस्ते’ तीन दाखवतंय.

जाता जाता सगळ्या फाइलींत नावामागची उद्गारचिन्हं शोधली. माझी आणखी तीन निघाली. एक अनावश्यक होतं, दुसऱ्याच्या जागी तपासणी घातली. तिसरं फोल्डरचं आहे: रोजच्या लक्ष्याचा आकडा कुठल्या फोल्डरात साठवायचा ते ठरवणारं. एडिटरमध्ये फोल्डरच उघडलेलं नसेल तर तो आकडा कुठे ठेवायचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते चिन्ह अजून तिथेच आहे, सदतिसाव्या ओळीवर.